साळवेबाईंचं हिरवं

साळवेबाईंच्या घरी हात धुवायला मोरीत गेलं, की बाहेरून आवाज यायचा, "साबण तिथलाच घ्या हं, दुसरा नको." दुसरा साबण बरोबर घेऊन कोण येणार? पण या बाबतीत बाईंचा कोणावरच भरवसा नव्हता. हात पुसत बाहेर आलं की त्या मागच्या अंगणाकडे बोट दाखवायच्या.

"चाललं बघा तुमचं पाणी. चहा होईतो पहिल्या पिंपात पोचेल."

पाहुणा नवा असेल तर बिचारा गोंधळायचा. आपण धुतलेल्या हाताचं पाणी कुठवर गेलं, हे यजमानानं सांगण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

बाई शाळेत गृहशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी राहुरीच्या कडेला आमच्या कॉलनीत घर बांधलं. यजमान आधीच वारले होते, मुलगा आशिष पुण्याला नोकरीला. माझं घर त्यांच्या समोर, जरा तिरकं. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, हाच माझा धंदा. त्यामुळे जे मोजलं नाही ते ठामपणे सांगायची मला सवय नाही. बाईंबद्दलही मी पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहितो.

त्यांच्या मागच्या अंगणात निळ्या प्लास्टिकच्या पिंपांची रांग होती. पहिल्या उभ्या पिंपात नारळाचा काथ्या आणि वाळू. आंघोळीचं, धुण्याचं, भांड्यांचं पाणी आधी तिथे यायचं आणि तेलकटपणा, केस, खरकटं मागे ठेवायचं. संडासाचं पाणी वेगळं, ते सेप्टिक टाकीत. त्याचा यात संबंध नव्हता, हे बाई प्रत्येकाला विचारण्याआधीच सांगायच्या. पुढे उभी चिरून आडवी ठेवलेली चार पिंपं होती, पाळण्यासारखी. त्यांना त्या परातीच म्हणायच्या. त्या परातींमध्ये पाणी हिरवंगार असायचं. माशांच्या पेटीला लावतात तसला छोटा पंप ते दिवसभर हलतं ठेवायचा.

"शेवाळ म्हणू नका," बाई सांगायच्या. "शेवाळ म्हटलं की लोकांना घसरून पडणं आठवतं. हे त्याचंच, पण अगदी बारीक. एकेकटं डोळ्यांना दिसत नाही. साबणाच्या पाण्यात जे जातं ते याचं जेवण. ऊन ही चूल. ते जेवतं, वाढतं, आणि पाण्याचा वास जातो."

त्या त्याला नुसतं "हिरवं" म्हणायच्या. हिरवं जेवलं. हिरवं आज सुस्त आहे. आशिषचा फोन आला की तो म्हणे आधी विचारायचा, "आई, तू कशी आहेस, आणि हिरवं कसं आहे?"

परातींनंतरच्या शेवटच्या टाकीत शेवग्याच्या बियांची पूड पडायची. बिया सोलून, वाळवून, मिक्सरमधून काढलेल्या. पूड घालून ढवळलं की थोड्या वेळानं हिरवं तळाशी बसायचं आणि वर नितळ पाणी राहायचं. त्या पाण्यात गप्पी मासे सोडलेले, डासांच्या अळ्या खायला. ते पाणी पेरूला, शेवग्याला, जास्वंदीला. तळाचं हिरवं झाडांच्या बुडाशी खत म्हणून. पिण्यासाठी मात्र नाही. कोणी कौतुकानं "अगदी पिण्यासारखं दिसतंय" म्हणालं की बाई रागवायच्या. "दिसतंय म्हणून प्यायचं का? मीठही साखरेसारखंच दिसतं."

त्यांच्या हातात सकाळ-संध्याकाळ एक पांढरी बशी असायची. कप केव्हाच फुटलेला, बशी राहिलेली. परातीतलं थोडं पाणी त्या बशीत घ्यायच्या, उजेडाकडे धरायच्या आणि रंग सांगायच्या. रंगांची नावं सगळी मंडईतली. कोवळी काकडी, कैरी, मेथी, पालक. काकडी म्हणजे हिरवं अजून पातळ आहे. कैरी म्हणजे वाढतंय. पालक म्हणजे भरलं, आता थोडं काढायला हवं. पिवळट दिसलं तर "भूक लागली याला", आणि त्या दिवशी बाई मुद्दाम चार कपडे जास्त धुवायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, यासाठी एखादं यंत्र मिळत असेल की."

"शेळकेभाऊ, पाक एकतारी झाला की दोनतारी हे तुमच्या मंगलला यंत्र सांगतं का?"

मंगल म्हणजे माझी बायको. ती तिथेच होती. पुढे कितीतरी दिवस मी घरात काही मोजायला घेतलं की ती म्हणायची, "थांबा, बशी आणते."

आता विमलकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून बाईंचं हिरवं समजणार नाही.

आमच्या कॉलनीत तेव्हा बंद गटार नव्हतं, आजही नाही. जमीन काळी. शोषखड्डा खणला तर पहिल्या वर्षी पाणी पितो, मग तोंडापर्यंत भरून बसतो. म्हणून प्रत्येकाच्या मोरीचं पाणी कुंपणाच्या भिंतीतल्या भोकातून रस्त्याकडेच्या चरीत जातं आणि उताराला लागतं. बाईंच्या घराच्या उताराला विमलकाकूंचं घर. बागायतदार घराणं. मुलगा शेती बघतो. दारात तुळस, पुढच्याच खोलीत देवघर.

बाई राहायला आल्या त्याच आठवड्यात विमलकाकू फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. मी समोरच गाडी पुसत होतो.

"बाई, राग मानू नका. पर तुमच्या न्हानीचं पानी आमच्या दारावरनं जायला नको. दारात तुळस हाय."

बाई म्हणाल्या, "बरं."

आमचं घर तर बाईंच्याही वरच्या अंगाला. आमच्या मोरीचं पाणी रस्त्याखालच्या नळीतून त्याच चरीत येऊन त्याच तुळशीपुढून जात होतं. त्याबद्दल विमलकाकू आम्हाला कधी काही बोलल्या नव्हत्या. बाई ख्रिस्ती होत्या, आणि ख्रिस्ती होण्याआधी त्यांचे पूर्वज कोण होते हे आमच्या भागात आडनावावरून आणि गावावरून लोक बरोबर ओळखतात. याहून जास्त मी लिहीत नाही.

पुढे काही वर्षं बाईंनी मोरीचं पाणी पिंपात साठवून बादलीनं झाडांना घातलं. पावसाळ्यात पिंप वाहायचं, वास यायचा, आणि बाई छत्री घेऊन स्वतः बादल्या उपसताना दिसायच्या. मग त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, पुढे शेतकी शिकलेली, भेटायला आली. ते सगळं बघून गेली आणि परत आली ती जॅमच्या बाटलीत चमचाभर हिरवं घेऊन. "बाई, हे विरजण समजा," ती म्हणाली. बाईंना तो शब्द फार आवडला. विरजण लावणं त्यांना कळत होतं.

पण ते एकदम लागलं नाही. कधी उन्हानं करपलं, कधी पावसानं पातळ झालं, एकदा पाहुण्यांनी बाथरूम धुवायचं औषध मोरीत ओतलं आणि सगळं पांढरं पडलं. बाईंनी बाटलीत राखलेल्या विरजणातून पुन्हा लावलं. साबण बदलले, परातींवर पावसाळ्यासाठी पारदर्शक कागद घातला. तीनेक वर्षं गेली असतील. मग वास यायचा थांबला, आणि हिरवं त्या घराला सरावलं. बाईंचाच शब्द, "सरावलं. आता त्याला माझं घर कळतं."

त्यानंतर त्यांनी गवंडी बोलावला आणि कुंपणाच्या भिंतीतलं भोक बुजवून टाकलं.

मला ते जादा वाटलं. म्हणालो, "असू द्या की बाई. अडीअडचणीला लागेल."

गवंडी थापीनं सिमेंट सारखं करत होता. बाई तिथून नजर न हलवता बोलल्या. "आमचं खेडं बेलापूरच्या पुढं. आमच्या वस्तीचं पाणी गावाकडे उतरायचं. मग गावानं ठरवलं, चर खणून ते पाणी मागे वळवायचं. चर आमच्याच माणसांनी खणायची. माझ्या आज्यानं खणली ती, शेळकेभाऊ. माझी आई त्याला भाकरी घेऊन जायची, तेव्हा एवढीशी होती. मरेपर्यंत सांगायची, किती खोल होती ते." मग गवंड्याला म्हणाल्या, "कोपऱ्यात अजून थोडा माल लावा. थेंब जाता कामा नये."

चर किती खोल होती, ते मी विचारलं नाही.

आंघोळीबद्दल त्यांचं एक बोलणं होतं. "अंगावरचा मळ नेऊन शेजाऱ्याच्या दारात ठेवायचा, याला आपण स्वच्छता म्हणतो." हे त्या हसत म्हणायच्या. भोक बुजवलं त्या दिवशी मला कळलं, की त्यात हसण्यासारखं फार नव्हतं.

विमलकाकूंनी ते भोक बुजवलेलं पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला पाणी बऱ्याच दिवसांतून एकदाच यायला लागलं. सगळ्यांची अंगणं सुकली. बाईंची जास्वंद मात्र लाल फुलांनी भरलेली. एके सकाळी कुंपणावरून हात आत आला, चार फुलं खुडली आणि हात परत गेला. बाई ओट्यावर बशी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान फिरवून परातीकडे बघायला सुरुवात केली. रोज तसंच चाललं. शेवटी एकदा बाईच म्हणाल्या, "विमलताई, भिंतीवरच्या तारेचे काटे लागतील. फाटकातून या की."

काकू फाटकातून आल्या. परातींकडे बघितलं, नाकाला पदर लावायला गेल्या आणि थांबल्या. "वास न्हाई की वो येत."

"नाही येत."

"ह्याच पान्यावर वाढती ही जास्वंद? न्हानीच्या?"

"ह्याच. तुमच्या देवाला चालत नसेल तर सांगा."

काकूंनी ओच्यातल्या फुलांकडे बघितलं. "फुलाला काय म्हाईत," म्हणाल्या आणि अजून दोन खुडली.

तिथून त्यांचं येणं सुरू झालं. आधी फुलांना, मग पेरूला, मग नुसतं बसायला. दोघींची भांडणंही व्हायची. काकूंना हिरव्याची नावं पाठ झाली आणि त्या बाईंच्या आधी रंग सांगायला लागल्या. "मेथी झालं आज."

"कैरी आहे. चष्मा लावा."

"चष्मा तुमीच लावा. जन्म शेतात गेला माझा, मला मेथी वळखंना व्हय?"

बाईंनी विरजण बऱ्याच घरी दिलं. आमच्याकडेही दिलं. आमच्या अंगणात दुपारनंतर ऊन राहत नाही, तिथे ते टिकलं नाही. दुसऱ्यांकडेही कुठे चार महिने, कुठे एक उन्हाळा. विमलकाकूंनी मात्र कधी नेलं नाही. "तुमच्याकडं हाय तेवढं पुरं की दोघींला," त्या म्हणायच्या. सकाळची फुलं आणि संध्याकाळचा रंग, यावर त्यांनी आपला वाटा धरलेला होता.

मग एका वर्षी दिवाळीनंतर बाई ओट्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. नगरच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली आणि आशिषनं पुढे त्यांना तिथेच ठेवलं, चालायला लागेपर्यंत. हिरव्याचं काय करायचं ते बाईंनी मला फोनवर सांगितलं होतं. मी रोज पंप बघायचो, परातीत थोडं साबणाचं पाणी टाकायचो. थंडीत हिरवं हळू वाढतं, पण असतं. मी बशीत बघत होतो. कैरी होतं.

नाताळ जवळ आला आणि बाईंना घरी सोडणार असं कळलं. आमचा गळीत हंगाम जोरात होता आणि मला दिवसाची पाळी होती. एका गुरुवारी, आमच्याकडे कोरडा दिवस पाळतात, डास होऊ नयेत म्हणून पाणी साठवलेली सगळी भांडी रिकामी करून घासायची, त्या दिवशी विमलकाकूंनी बायका गोळा केल्या. बाईंची किल्ली त्यांच्याकडेच होती. सणाला बाई यायच्या तर घर कसं आरशासारखं पाहिजे. मंगल माहेरी गेली होती, तिथे नव्हती.

मी पाळी संपवून आलो तेव्हा विमलकाकू मागच्या अंगणात बसलेल्या होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात नारळाची शेंडी. चारही पराती उपड्या घालून वाळत ठेवलेल्या. निळ्या, लख्ख. जवळ ब्लीचिंग पावडरचं रिकामं पाकीट. काथ्या काढून टाकलेला, मोरीची नळी घासलेली, फरशी पांढरीफेक. खिडकीत राखणीला ठेवलेली जॅमची बाटलीसुद्धा धुऊन पालथी घातलेली होती.

"बघा शेळके," त्या म्हणाल्या, "बायकांना मी मोरीला हात लावू दिला न्हाई. मोरी अन् हे सारं माझं मी घासलं. लई बुळबुळ धरली हुती. हिरवं काय, पानी पडलं की फिरून धरंल. बाई आल्या की म्हनतील, विमलताई, तुमी?"

बाजूला एक बादली होती. त्यात पाणी, आणि त्यात गप्पी मासे.

"तेवढे काढून ठिवले आधी," काकू म्हणाल्या. "जीव हाय त्यांना."

मी ती बादली उचलून आडोशाला ठेवली.

बाई नाताळच्या आदल्या दिवशी आल्या. आशिषनं धरून आत आणलं. वॉकर टेकत त्या आधी मागच्या दारात गेल्या. मी मागेच होतो. विमलकाकू दाराशी उभ्या, लहान मुलीनं बक्षिसासाठी उभं राहावं तशा.

बाईंनी पराती बघितल्या. बाटली बघितली. मग बादलीतले मासे. वॉकरच्या दांड्यावरची बोटं तेवढी दिसत होती मला.

"कुणी केलं हे?"

"मीच की," काकू म्हणाल्या.

"मोरीसुद्धा?"

"मोरी आधी."

बाईंनी एक हात वॉकरवरून काढला आणि काकूंचा हात धरला. ब्लीचिंगनं त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. बाईंनी ती बोटं उलटसुलट करून बघितली. "केवढं केलंत हो विमलताई," त्या म्हणाल्या. "हाताला खोबरेल लावा."

नंतर केक वाटला. आशिष दोन दिवसांनी पुण्याला गेला. तो म्हणत होता माझ्याबरोबर चल, पण बाई हलल्या नाहीत.

जानेवारीत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बाईंच्या दोरीवर कपडे दिसत नव्हते. त्यांच्या टाकीवर पाणी चढवायचा पंप पूर्वी दिवसाआड लागायचा, तो आता आठवड्यात एकदा लागत होता. बाजारातल्या लाँड्रीचा माणूस पिशवी घेऊन जाताना दिसला. ज्या बाईंना हिरव्याला भूक लागली म्हणून जास्तीचे कपडे धुताना मी बघितलं होतं, त्या लाँड्रीत कपडे देत होत्या. मी विचारायला गेलो.

पराती पुन्हा सुलट्या केलेल्या होत्या, आत पाणी होतं. वर साबणाची राखाडी साय, आणि वास. मला तो वास ओळखीचा होता, जुन्या पिंपाचा.

"ओल्या फडक्यानं अंग पुसते," बाई म्हणाल्या. "दोन भांडी पाण्यात होतं. मंगल येते, एवढी बादली झाडाला टाकते. भागतं."

"बाई, भोक पुन्हा फोडू. मी आणतो माणूस."

"नको."

"मग विरजण आणतो. तुमची ती विद्यार्थिनी आहे, नाहीतर विद्यापीठात विचारतो. बाटलीभर मिळेल."

"मिळेल हो," बाई म्हणाल्या. "पण विमलताई रोज येते. बाटली बघितली की विचारेल, नवं कशाला, जुन्याला काय झालं?" त्यांनी पराती दाखवल्या. "तिनं काल विचारलं, हिरवं कुठं गेलं. मी सांगितलं, यंदा थंडी फार, झोपलंय ते. ऊन तापलं की उठतं. तिला खरं वाटलं."

मी म्हणालो, "त्यांना सांगायला काय हरकत आहे? चुकून झालं ते."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. शाळेत त्या मुलींकडे अशाच बघत असणार. "शेळकेभाऊ, तिनं माझी मोरी घासली. दुसऱ्या बायकांना हात लावू दिला नाही, स्वतः घासली. माझ्या आईला हे बघायला मिळालं असतं तर ती जेवायची विसरली असती. आणि मी आता तिला सांगू, की तू जे केलंस त्यानं सगळं मेलं? मग ती पुन्हा कुणाच्या मोरीला हात लावेल?" मग म्हणाल्या, "हिरवं माझं होतं. गेलं तर गेलं. तुम्हीही बोलायचं नाही. वचन द्या."

मी दिलं. गेल्या पावसाळ्यात विमलकाकूही गेल्या, म्हणून आज हे लिहू शकतो.

बाईंचं ते वर्ष निघालं नाही. फेब्रुवारी सरत आला तसा त्यांना ताप आला, छाती भरली. आशिष आला, पुन्हा नगरला नेलं, आणि चौथ्या दिवशी त्यांना परत आणलं ते अंत्यविधीसाठी. बेलापूरकडचे नातेवाईक आले, पुण्याचे आले. घरात माणसं मावेनात. एवढ्या माणसांच्या आंघोळीचं पाणी जाणार कुठे? मोरी तुंबली, मागच्या अंगणात तळं साचलं. आशिषनं छिन्नी-हातोडा आणला आणि कुंपणाच्या भिंतीपाशी बसला. माल चांगला भरला होता. वेळ लागला.

मी चरीच्या कडेनं विमलकाकूंच्या घराकडे बघितलं. त्या दारात आल्या होत्या. हातात खराटा. चरीत साठलेली पानं, कागद त्यांनी दोन्ही बाजूंना ओढून काढले. भिंतीतून पाणी आलं, साबणाचं, गढूळ, आणि उताराला लागून त्यांच्या तुळशीपुढून गेलं. एका ठिकाणी अडलं तर काकूंनी वाकून खराट्यानं वाट करून दिली.

नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बाई गेल्या अन् हिरवंबी गेलं, बघा शेळके. बघायला कोन हुतं त्याला? जागं झालं हुतं की वो. मी बशीत बघितलं हुतं, माझ्या डोळ्यांनी."

मी मान हलवली. त्यांनी खरंच बघितलं होतं.

बाई मला बऱ्या दिसल्या त्या शेवटच्या, त्या तापाच्या आठवडाभर आधी. सुट्टीचा दिवस होता. मी गच्चीवर टाकीचा तरंगणारा कॉक दुरुस्त करत होतो. तिथून बाईंच्या घराच्या कडेनं त्यांचं मागचं अंगण पूर्ण दिसतं. दुपारचं ऊन चांगलं तापायला लागलं होतं. उन्हाळा येत होता, आणि सकाळीच विमलकाकू फाटकाशी म्हणताना मी ऐकलं होतं, "आज तरी उठलं का वो? रंग बघाया येते दुपारच्याला." येताना त्यांनी शेतातली पालकाची जुडी दिली होती.

बाई ओट्यावर खुर्चीत होत्या. मांडीवर ती जुडी, हातात बशी. भांड्यातलं स्वच्छ पाणी त्यांनी बशीत ओतलं, परातीतलं नाही. मग जुडीतलं एक पान तोडलं आणि बोटांत चुरून त्या पाण्यात घोळायला लागल्या. सावकाश, मेंदी कालवावी तसं. बशी उजेडाला धरली. पटलं नाही. अजून एक पान घेतलं. चोथा वेचून ओट्याखाली टाकला. पुन्हा बशी धरली, मान तिरकी केली, आणि थोडं पाणी वाढवलं. पहिल्याच दिवशी गडद दिसलं तर काकूंना शंका आली असती.

फाटक वाजलं.

"या विमलताई," बाईंचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. "बघा काय झालंय ते."

काकूंनी बशी दोन्ही हातांत घेतली. तोंडाजवळ नेली, लांब धरली. "आवो बाई," त्या म्हणाल्या, "कैरी! कैरीवर आलं की! झोपलं हुतं म्हनला ते खरंच की." त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "मला आपलं वाटत हुतं, मी काय तर करून बसले."

"छे हो," बाई म्हणाल्या.

मग काकू खाली ओट्यावरच बसल्या, बशी हातात तशीच, आणि किती तरी वेळ काहीबाही बोलत राहिल्या. बाई ऐकत होत्या. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला होता, आणि काकू फाटकाबाहेर पडेपर्यंत तो बाहेर काढला नाही.